अमृतराव आणि ग्लायकॉलचे ड्रम

सकाळी महांतेश दुकानाची पायरी चढला आणि जागच्या जागी थिजला. उदगीरच्या धान्यबाजारात, मोंढ्यातल्या त्यांच्या आडतीत, तुरीच्या पोत्यांना लागून काल ठेवलेले आठही निळे ड्रम बुचं काढून उघडे पडले होते. बेकरीवाले भुजंगराव एका ड्रममधलं बोटावर घेऊन चाखत होते. महांतेशचे वडील अमृतराव त्यांच्या दुसऱ्या हातावर रुमाल टाकून, मोंढ्याच्या रिवाजाप्रमाणे खालून बोटं दाबत सौदा करत होते.

"अप्पा, सील कुणी तोडलं?"

"मी," अमृतराव रुमालाखालचा हात न काढता म्हणाले. "माल गोडसर हाय. पण नमुना दाखवल्याबिगर गिऱ्हाईक कसं येईल? मी भुजंगरावला पटवून राहिलो."

"केक मऊ ऱ्हातो म्हणं ह्याच्यानं," भुजंगराव बोट पुसत म्हणाले.

मऊ राहतो, हे खरंच होतं. ड्रममधलं प्रॉपिलीन ग्लायकॉल केकमध्ये चालतं, सरबताच्या अर्कात चालतं आणि पाण्यात न विरघळणारं औषध सिरपमध्ये विरघळवायलाही चालतं. धान्याची गादी सोडून महांतेशने याच मालाचा धंदा मांडला होता. नांदेडची एक सिरप बनवणारी कंपनी त्याला वर्षभराची ऑर्डर द्यायला तयार होती, मात्र आजचे आठ ड्रम पास झाले तरच. कंपनीच्या तपासणी अधिकारी बुद्धप्रिया मॅडम दुपारी स्वतः येणार होत्या. माल नापास झाला तर गुमान गादीवर येऊन बसायचं, असं बापलेकांत ठरलेलं होतं. अमृतरावांनी मात्र चाळीस वर्षांत एक पोतं नमुना काढल्याशिवाय विकलं नव्हतं, ते ड्रमला कशी सूट देणार?

"दाभण आण," त्यांनी तोडगा सुचवला. "तोंडाला तरट बांधून शिवून टाकतो. कुणाला कळतंय?"

महांतेशचा तोल गेला. "अप्पा, हे लेकरांच्या खोकल्याच्या औषधात जातंय. असंच दिसणारं दुसरं एक ग्लायकॉल असतंय, ते ह्यात मिसळलं तर लेकरं दगावतात. म्हणून कंपनी सील बघती."

अमृतरावांनी भुजंगरावांचा हात सोडला. रुमाल आपोआप खाली पडला. "म्हणजे आपली सृष्टी घेती, तसल्या औषधात?" नातीचं नाव घेताना त्यांचा आवाज बारीक झाला. "मग आधी सांगायचं न्हाई का, येड्या?"

भुजंगरावांनी सौद्यातून अंग काढून घेतलं. महांतेशने लातूरच्या शिवप्रसाद शेठला फोन लावला आणि अक्षरशः हातापाया पडला. शेठ भला माणूस. सीलबंद आठ ड्रम लगेच टेम्पोत चढवतो म्हणाला. उघडे ड्रमही परत घ्यायला तयार झाला. ते गाड्यांच्या कूलंटवाल्यांना देता येणार होते. उन्हं डोक्यावर यायच्या आत टेम्पो आला, माल बदलला गेला. महांतेशच्या जिवात जीव आला, पण शेठने फोनवर पाठवलेला मालाच्या तपासणीचा कागद छापून आणायचा राहिलाच होता.

"अप्पा, मी झेरॉक्सवाल्याकडं जाऊन आलोच. कुणी बी येऊ दे, सीलला हात लावू द्यायचा न्हाई. कुणी बी म्हणजे कुणी बी."

"लेकरांच्या औषधाचा माल हाय तो," अमृतराव गंभीरपणे म्हणाले. "तू जा. मी हाय."

झेरॉक्सवाल्याकडे लाइट नव्हती. दुसरीकडे लाइट होती, पण तिथे मशीन बंद पडलेलं. धापा टाकत महांतेश कागदाविनाच परतला तेव्हा दुकानासमोर अर्धा मोंढा जमला होता. अमृतराव दोन्ही हात पसरून ड्रमांच्या पुढे उभे होते. त्यांच्यासमोर पांढरा कोट घातलेल्या बुद्धप्रिया मॅडम होत्या, हातात नमुना काढायची लांब काचेची नळी.

"काका, माल तपासायलाच आलेय मी."

"तपासा ना. कोण न्हाई म्हणतंय? भायेरून तपासा."

"बाहेरून कसं तपासणार? मला प्रत्येक ड्रम उघडून नमुना घ्यायचाय."

"सकाळी मला बी असंच वाटलं होतं," अमृतराव म्हणाले. "लई चूक झाली. तुम्ही तरी ती करू नका."

महांतेशने मध्ये पडून मॅडमची ओळख करून दिली. अमृतरावांनी ओळखपत्र मागितलं. ते लांब धरून, जवळ धरून पाहिलं. फोटोत चष्मा नव्हता, म्हणून मॅडमना चष्मा काढायला लावला. नळी बाहेर काढून धरली होती, तिला धूळ लागली असेल, म्हणून दुसरी काढायला लावली. मॅडमचा चेहरा तापत चालला होता आणि महांतेशला गादीवरचा तो मळका तक्क्या डोळ्यांसमोर दिसू लागला होता.

अखेर आठही नमुने निघाले. मॅडमनी ड्रमना कंपनीचं सील लावलं, अमृतरावांनी एकेक ओढून पाहिलं. एक त्यांनी पुन्हा लावायला लावलं.

"नांदेडला चाचणी होईल. संध्याकाळी कळवते," मॅडम कोरडेपणाने म्हणाल्या. ड्रम कंपनीच्या गाडीत चढले आणि त्यांच्या मागोमाग अमृतरावही चढून ड्रायव्हरशेजारी बसले.

"अप्पा, तुम्ही कुठं?"

"वाटेत कुणी उघडलं तर? चल रं ड्रायव्हर."

गाडी गेली. महांतेश दुकानात बसला, पण गिऱ्हाइकाने तूर मागितली की मूग, हेही त्याच्या डोक्यात शिरत नव्हतं. दिवेलागणीला फोन वाजला. अमृतरावच होते आणि बोलण्यात नुसता उत्साह भरलेला.

"महांतेश, मी आत गोदामात हाय. आपला माल चोख निघाला. पण हितं दुसऱ्यांचे बी ड्रम हायेत, आन् त्यातल्या एकाचं सील ढिलं दिसून राहिलंय. मी सगळ्यांना बाजूला उभं केलंय. कुणाला हात लावू देत न्हाई."

"अप्पा, तुम्ही भायेर या, मी पाया पडतो."

"जरा थांब, मॅडमला बोलायचंय."

मॅडमचा आवाज दुपारपेक्षा कितीतरी मऊ होता. "महांतेश, अभिनंदन. तुमचा माल पास झाला. वर्षभराची ऑर्डर तुम्हालाच."

महांतेश आनंदाने उभाच राहिला. डोळ्यांत पाणी आलं.

"ऐकताय ना?" मॅडम घाईने म्हणाल्या. "कागदपत्रं नंतर बघू. आधी काकांना येऊन घेऊन जा."