जिनेशचं लेट्यूस आणि बाईंचा तेला

शहाद्यात साड्यांचं दुकान चालवणाऱ्या जिनेशला डॉक्टरांनी एवढंच सांगितलं होतं, की साखर काठावर आली आहे, पोट आत घ्या आणि जेवणाआधी कच्चा पाला खात जा. काठावर म्हणजे अजून पडलेली नाही, एवढं त्यातलं त्याला सोयीचं वाटलं. आता पाला म्हटल्यावर माणसानं मेथी आणावी. जिनेशनं लेट्यूस लावायचं ठरवलं. मेथी खाऊन कोणी बारीक झाल्याचं त्यानं पाहिलं नव्हतं (त्याच्या घरात सगळे मेथीवरच गोल झाले होते), आणि मोबाईलवर लेट्यूस खाणारी माणसं झाडून सगळी सडपातळ होती.

जैनांचं घर. चातुर्मासात हिरवा पाला वर्ज्य. म्हणून कार्तिकी पौर्णिमेनंतर खायला मिळेल या बेतानं त्यानं गच्चीवर क्रेटमध्ये रोपं लावली. पुरुषोत्तमनगरकडच्या एका गिऱ्हाइकानं मातीवर पसरायला पोतंभर उसाचं पाचट आणून दिलं. रोपं फुटली, पानं लाटेसारखी उलगडली. मग अवेळी पाऊस झाला, पाचट ओलं राहिलं, आणि एका सकाळी पानांना चाळणीसारखी भोकं दिसली. पाचट उचललं, तर खाली बिनशंखाच्या गोगलगायी. लोळत पडलेल्या, करड्या, बोटाएवढ्या.

मारायचा प्रश्नच नव्हता. त्याच्या आईला, तीजाबाईंना घरात सगळे बाई म्हणत, आणि बाईंच्या घरात मुंगीलासुद्धा वाट देऊन पाय टाकायचा असे. जिनेशनं गोणपाट ओलं करून ठेवलं, त्याखाली जमलेल्या गोगलगायी चिमट्यानं डब्यात भरल्या आणि स्कूटरवरून गोमाई नदीच्या काठी सोडून आला. दुसऱ्या दिवशी तेवढ्याच पुन्हा. चुन्याची रेघ ओढली, ती दवानं भिजली आणि गोगलगायी तिच्यावरून आरामात गेल्या. रोज डबा घेऊन नदीवर जाणाऱ्या माणसाकडे लोक चौकशीच्या नजरेनं पाहू लागले. घरात अल्पना, त्याची बायको, म्हणाली, "अहो, मी मेथी निवडून ठेवलीय. सोडा तो नाद."

पण नाद सुटण्याचं वय त्याचं नव्हतं. तो गुपचूप धर्मेंद्रच्या खता-बियाण्याच्या दुकानात गेला.

"शेठ, ह्या निळ्या गोया टाका," धर्मेंद्र म्हणाला. "सकायलोंग एकबी ऱ्हावाव नही. पन चिमूटभरच. आनि घरमा कोंबडंबिंबडं व्हई ते जपीसन."

"आमच्या घरात कोंबडं?"

"नही, तुमना घरमा कसं व्हई," धर्मेंद्र म्हणाला आणि दोघेही हसले.

त्या हसण्यात जिनेशच्या डोक्यातून एक गोष्ट निसटली. बाई रोज सकाळी गच्चीच्या कठड्यावर मूठभर ज्वारी टाकत, आणि ती खायला पारवे येत. जिनेशनं संध्याकाळी गोळ्या टाकल्या. चिमटीनं भागेल असं त्याला वाटेना, म्हणून ओंजळीनं टाकल्या.

सकाळी बाई ज्वारीची वाटी घेऊन वर गेल्या आणि बराच वेळ खाली आल्या नाहीत. जिनेश वर गेला. पाच-सहा पारवे कठड्यापाशी पडले होते. एक अजून पंख फडफडवत स्वतःभोवती फिरत होता. बाई त्याच्यापाशी बसून हलक्या आवाजात नवकार मंत्र म्हणत होत्या. तो थांबला तेव्हा त्याही थांबल्या. क्रेटमध्ये गोगलगायी मात्र पानावर बसून नाश्ता करत होत्या. गोळ्या पारव्यांनी संपवल्या होत्या, मातीत दोन-चार तेवढ्या उरल्या होत्या.

"घरात हत्या झाली," बाई म्हणाल्या. "मी आज जेवणार नाही."

जिनेशला वाटलं, बाई स्वतःच्या ज्वारीला दोष देतायत. खरं सांगावं म्हणून त्यानं तोंड उघडलं, आणि त्यातून निघालं ते असं: "बाई, मीपण उपास करतो."

बाईंनी त्याच्याकडे नीट पाहिलं.

तेवढ्यात खालून शांतीलालकाका आले. ते शेजारी, आणि गावातल्या जैन संघाचे कार्यवाह. माय-लेक दोघं उपास धरतायत हे ऐकून त्यांना भरून आलं. "किती दिवसांचा?" त्यांनी विचारलं.

बाई ऐन तारुण्यात आठ-आठ दिवस पाण्यावर काढणाऱ्या. त्या एकावर थोड्याच थांबणार, असं जिनेशनं गृहीत धरलं. "तेला," तो म्हणाला. तेला म्हणजे सलग तीन दिवस, फक्त उकळलेलं पाणी, तेही सूर्यास्ताआधी. जिना उतरेपर्यंत शांतीलालकाकांनी संघाच्या ग्रुपवर टाकलं होतं: माता-पुत्रांचा तेला, अनुमोदना.

पहिला दिवस माणसं येण्यात गेला. प्रत्येक जण हात जोडून, तपस्व्याची खुशाली विचारतात तसं, "सुखसाता आहे ना?" विचारी आणि जिनेशकडे बघून मान हलवी. असा मुलगा हवा, अशी ती मान होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाई पाण्याच्या माठापाशी कोसळल्या. कपाळ उंबऱ्याला लागलं. डॉक्टर आले, दाब पाहून म्हणाले, "या वयात हे बरं नाही. काहीतरी पोटात जाऊ द्या." बाईंनी ओठ मिटून घेतले. अल्पना स्वयंपाकघरात जाऊन पदर तोंडाला लावून रडली, आणि बाहेर येऊन नवऱ्याला हळूच म्हणाली, "तुम्ही काही लपवताय. पारवे मेले त्याच्या आदल्या संध्याकाळी तुम्ही हात तीनदा धुतले होते."

जिनेश आईच्या उशाशी जाऊन बसला. कपाळावरच्या पट्टीतून रक्त उमटलं होतं. हात उचलून हातात घेतला तर त्याला वजनच नव्हतं. ही आज गेली तर आपण तिला मारलं, पारव्यांसारखंच, हे त्याला स्वच्छ दिसलं.

"बाई, त्या गोळ्या…" त्यानं सुरुवात केली.

"सुखसाता आहे ना?" दारातून शांतीलालकाकांनी विचारलं. मागे चौदा माणसं होती.

जिनेश म्हणाला, "आहे."

तिसरा दिवस त्याला फारसा आठवत नाही. साखर खाली गेली असावी, कारण भिंतीवरच्या कॅलेंडरमधली गाय त्याच्याकडे बघून काहीतरी म्हणाली असं त्याला वाटलं. गच्चीवर लेट्यूसची पानं तोवर पार संपली होती, नुसते देठ उरले होते.

चौथ्या दिवशी सकाळी पारणं. हॉल भरला. दोघांना शेजारी शेजारी पाटावर बसवलं, कुंकू लावलं, नारळ दिला. शांतीलालकाका बोलले. आजच्या काळात पोरं आईला म्हाताऱ्यांच्या आश्रमात टाकतात, आणि इथं एक मुलगा मुक्या पाखरांसाठी आईबरोबर उपाशी बसतो, असं ते म्हणाले. दोन बायकांनी डोळे पुसले. जिनेशनंही पुसले. त्याचे खरे होते.

माणसं नाश्त्याला आत वळली तेव्हा तो आईच्या कानाशी वाकला. "बाई, तुमच्या ज्वारीनं नाही झालं ते. मी औषध टाकलं होतं. गोगलगायींना."

"माहीत आहे," बाई म्हणाल्या.

"माहीत आहे?"

"निळ्या गोळ्या दिसल्या मला. डोळे शाबूत आहेत अजून."

"मग बोलला का नाहीत?"

बाईंनी दम घेतला. तीन दिवसांत आवाज पार खोल गेला होता. "पारव्यांचं तुझं तू फेड, ते माझ्यानं फिटणार नाही. पण मी एका दिवसाचाच उपास धरला होता रे. संध्याकाळी तुला बाजूला घेऊन झापणार होते आणि सकाळी दूध पिणार होते. तू शांतीलालला तेला कशाला सांगितलास? गावभर झाल्यावर मी म्हातारी कशी बसणार पानावर?"

अल्पनानं दोघांपुढे पारण्याच्या वाट्या ठेवल्या, पातळ, कढत मुगाच्या. शांतीलालकाकांनी आशीर्वादाला हात उचलला, चार मोबाईल फोटोसाठी वर झाले. गेले तीन दिवस जे गुपचूप केलं, ते आता सगळ्यांच्या साक्षीनं करायचं होतं. जिनेशनं मान खाली घातली आणि मूग गिळले.