उजवा तीन, डावा दोन

यंदा बायकोच्या वाढदिवसाला काहीतरी द्यायचं असं मी ठरवलं आणि तिथेच घोळ झाला. एकतीस वर्षं असलं काही ठरवलं नव्हतं, त्यामुळे संसार सुरळीत चालला होता. (एकदा इस्त्री दिली होती. तिने ती तिथल्या तिथे माझ्या हातात परत ठेवली. तेव्हापासून घरातले कपडे मी इस्त्री करतो.)

पण यंदा ही घरात नव्हती. लेकीला मुलगी झाली म्हणून चार महिन्यांपूर्वी विमानात बसली, ती अजून तिकडेच. मी इकडे निवृत्त आणि एकटा. निवृत्त माणसाला एकटेपणा झेपतो असा सगळ्यांचा समज असतो. माझाही होता. पहिल्या महिन्यात मी टीव्हीवर बातम्या देणाऱ्या बाईला उत्तरं द्यायला लागलो. तिसऱ्या महिन्यात एक राँग नंबर आला, त्या गृहस्थांशी सतरा मिनिटं बोललो. शेवटी "साहेब, मला खरंच दुसरीकडे फोन लावायचाय" असं त्यांना हात जोडून म्हणावं लागलं. (हात जोडलेले मला दिसले नाहीत, पण आवाजावरून कळतं.)

हिचा फोन रोज यायचा. पण मी "काय म्हणतो, ऐक ना," म्हणेपर्यंत मागून नातीचा टाहो ऐकू यायचा आणि "उठली! ठेवते," म्हणून फोन बंद. मग अधूनमधून तिचे ध्वनिनिरोप यायचे. तारेच्या भाषेत. "गोळी घेतली?" "दार लावा." "गॅस बंद?" असे तेवीस निरोप माझ्याकडे जमले होते. सगळे मिळून पाऊण मिनिट. (मोजले. वेळ होता.)

जावयाचा जुना लॅपटॉप माझ्याकडे पडून होता आणि त्यात गाणी तयार करायचं एक सॉफ्टवेअर होतं. मी ठरवलं, हिला गाणं करून पाठवायचं. मला गाता येत नाही. तीस वर्षं दप्तर विभागात कारकुनी केली, हाताळलेलं एकमेव वाद्य म्हणजे स्टेपलर. पण गाण्यात शब्द हिचेच घालता येतील, ते तेवीस निरोप. राहिला ठेका. आणि ठेका मला ठाऊक होता.

हिचा डावा गुडघा दुखतो. त्यामुळे ही चालते तेव्हा उजव्या पायावर जरा जास्त वेळ थांबते आणि डावा चटकन उचलते. टप्प... टप. टप्प... टप. मी टेबलावर बोटांनी वाजवून पाहिलं. हिच्या आवडीचा रंग विचाराल तर मी पटकन सांगू शकणार नाही, पण स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीपर्यंतची तिची अकरा पावलं माझ्या बोटांतून जशीच्या तशी उतरली. मी दचकून मागे वळून पाहिलं. अर्थात, कोणी नव्हतं.

तो ठेका मी लॅपटॉपच्या बटणांवर वाजवला आणि ऐकला. टप टप टप टप! हिचा गुडघा ठणठणीत बरा झालेला! ही आमच्या घरातून कवायत करत चाललेली!

मी जावयाला फोन लावला.

"बाबा, ते तुमचे ठोके आपोआप सरळ करतं. एका ठेक्याचे चार चौकोन असतात ना, जवळच्या चौकोनात ढकलतं."

"अरे, पण मला सरळ नकोयत. मला लंगडे हवेत."

"लंगडे? बाबा, तुम्ही बरे आहात ना?"

"उजवा पाय तीन मात्रा, डावा दोन. पाच होतात. चार चौकोनांत पाच कसे बसवायचे ते सांग."

जावई सज्जन आहे. कोणाचा पाय, हे त्याने विचारलं नाही. चार चौकोनांच्या जागेत पाच करायची सोय कुठे दडलीय ते सांगितलं आणि आपोआप सरळ करणारं बटण बंद करायला लावलं. दोन दिवस खपून मी एकेक पाऊल हाताने भरलं. तिसऱ्या दिवशी सकाळी ही स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत आली. मी डोळे मिटून ते बारा वेळा ऐकलं. (चहा उतू गेला. तो ओटा पुसायला मात्र ही आली नाही.)

आता शब्द. "गॅस बंद?" हा निरोप दीड सेकंदाचा, आणि गाण्यात जागा पंधरा सेकंदांची. आवाजाची लांबी वाढवायची सोय होती. मी वाढवली, तर हिच्या तोंडून एखादा पैलवान बोलायला लागला. मग कळलं की स्वर कायम ठेवायची एक खूण करावी लागते, तर लांबवूनही आवाज ज्याचा त्याचाच राहतो. खूण केली. लांबी किती टक्के, असं त्याने विचारलं. मी हजार टाकले, मोठा स्पीकर जोडला आणि बटण दाबलं.

"गॅऽऽऽऽऽऽऽस..."

हिचाच आवाज, पण जणू ही विहिरीत पडलीय आणि वर यायची तिला काही घाई नाही. मी पुन्हा लावला. पुन्हा लावला. पाचव्या वेळी दारावर थापा पडल्या.

खालच्या मजल्यावर दाताचा दवाखाना आहे. तिथल्या डॉक्टरीणबाई दारात उभ्या होत्या, हातात मोजे तसेच.

"काका, कोण आहे आत? माझा पेशंट खुर्चीतून उठून पळाला! काकू आल्यात का?"

"नाही."

"मग हा आवाज?"

"काकूंचाच आहे. मी जरा ताणलाय."

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे किडक्या दाढेकडे बघावं तसं बघितलं. "काका, मी दिवसभर लोकांचा आ ऐकते. हा आवाज कण्हण्याचा आहे."

"छे हो, तो आ नाही. गॅस आहे."

"गॅस?"

"गॅस. सारखा चालू होता, म्हणून जरा मोठा..."

पुढचं त्यांनी ऐकलं नाही. मला बाजूला सारून त्या आत धावल्या, खिडक्या उघडल्या, मेन स्विच पाडला आणि जिन्यात येऊन ओरडल्या, "सगळे खाली उतरा! काकांकडे गॅस गळतोय!"

पाच मिनिटांत अख्खी इमारत फुटपाथवर. तोंडात कापसाचे बोळे घेतलेले दोन पेशंट माझ्याकडे रागाने बघत होते. (बोलता येत नव्हतं म्हणून वाचलो.) खरं काय ते सांगावं तर गाण्याची गोष्ट फुटणार, आणि ती हिच्यापर्यंत पोचणार. मी गप्प उभा राहिलो.

गाण्याची गोष्ट नाही, पण गॅसची बातमी पोचली. दुपारी हिचा फोन आला.

"रोज विचारत होते मी! रोज! गॅस बंद का, गॅस बंद का!"

"विसरलो गं."

"तुमच्यावर घर सोपवून मी इथे बसलेय." मग तिचा आवाज एकदम खाली आला. "अहो, मी येऊ का परत? खरं सांगा. जमत नाहीये का एकट्याला?"

तोंडातून "ये" एवढंच काढायचं होतं. एक अक्षर.

"छे!" मी म्हटलं. "मला काय झालंय? तू निवांत राहा."

"बघा हं," म्हणून तिने फोन ठेवला. मग मी लॅपटॉप उघडला, माइक जवळ घेतला, दार लागलंय ना ते पाहिलं आणि हळूच बोललो, "लवकर ये. करमत नाही." तीन सेकंद झाले. गाण्याच्या शेवटी बारा सेकंदांची जागा रिकामी होती, तिथे ते ताणून बसवलं. ऐकून बघायची मात्र हिंमत झाली नाही. स्वतःचं असलं बोलणं ऐकायला लाज वाटते हो.

वाढदिवसाच्या सकाळी गाणं पाठवलं आणि फोन हातात घेऊन बसलो. दुपारी हिचा फोन आला.

"अहो, हे तुम्ही केलंत? माझीच चाल घातलीत ना त्यात? मेलं, हसू आवरेना मला." हसण्याच्या शेवटी तिने नाक ओढलं. "आणि गंमत म्हणजे पोरगी झोपली हो त्या ठेक्यावर! गाढ झोपली!"

"शेवटपर्यंत ऐकलंस?" मी हळूच विचारलं.

"ऐकलं ना. तेच विचारणार होते. शेवटी ते म्हैस हंबरल्यासारखं काय आहे?"

स्वर कायम ठेवायची खूण मी माझ्या वेळी विसरलो होतो.

"कुठे?" मी म्हटलं.

"अगदी शेवटी. इतकं छान चाललेलं असतं, आणि एकदम ते हंबरणं. दचकून उठली पोर. तुम्ही काही बोललायत का त्यात?"

"मी? नाही. मशीनचा दोष असेल."

"मग तेवढं काढून पाठवा ना."

काढलं. बटणाचं एकच काम होतं. पाठवलं.

आठ दिवसांनी फोन आला तेव्हा मागे रडणं नव्हतं. ही तब्बल अर्धा तास बोलली.

"सलग तीन तीन तास झोपते आता, तुमच्या गाण्यावर. लेक म्हणते, आई, आत्ता कुठे तुला उसंत मिळालीय, तर अजून दोन महिने राहा. मी म्हटलं, बाबांना विचारते. चालेल ना तुम्हाला?"

"चालेल की," मी म्हटलं. "मला इथे वेळ कुठे आहे?"

"मी तेच म्हटलं तिला," ही समाधानाने म्हणाली, "गाण्यावरूनच कळतंय, किती मजेत आहेत ते!"