न उडालेली काडतुसं

आमच्या देवळीत दिवाळीला एखादा सुतळी बॉम्ब फुसका निघाला की गल्लीतली पोरं हिरमुसतात आणि भगतकाका खूश होतात. धावत येतात, सगळ्यांना भिंतीआड पिटाळतात आणि लांब खुर्ची टाकून पहाऱ्याला बसतात. पुष्कळ वेळाने त्या बॉम्बवर बादलीभर पाणी ओततात आणि म्हणतात, "बरं झालं!" दिवाळीत त्यांच्याइतका नावडता माणूस गल्लीत दुसरा नसतो.

देवराव भगत पोलीस खात्यात आर्मोरर होते, म्हणजे बंदुका दुरुस्त करणारे आणि काडतुसं तपासणारे. ते निवृत्त झाले, तपासणी काही सुटली नाही. माझी स्कूटर किक मारून सुरू झाली नाही, की हे फाटकात हजर. "सर, काल पाणी लागलं का? कुठं ठेवली होती? तोंड कोणीकडं होतं?" स्कूटरच्या तोंडाचा आणि प्लगचा संबंध काय, हे विचारायची सोय नाही. एकदा आमच्या हिने गॅसचा लायटर पेटेना म्हणून पुन्हा खटखट केलं, तर यांनी खिडकीतून ओरडून तिला स्वयंपाकघराबाहेर काढलं. "वहिनी, दुसऱ्यांदा दाबाचं नाई! आधी थांबाचं. घाई काऊन करता?" त्या दिवशी मी अर्धपोटी शाळेत गेलो. एवढं करून संध्याकाळी हेच आमच्याकडे भाजी मागायला आले, कारण घरात एकटा जीव आणि स्वयंपाकाचा कंटाळा.

मागच्या उन्हाळ्यात हार्डवेअरवाले किसनसेठ एक कापडी पिशवी घेऊन काकांच्या ओसरीवर आले. मी तिथेच पेपर वाचत बसलो होतो. सेठकडे परवान्याचं रिव्हॉल्वर आहे, हे गावाला ठाऊक होतं. ते कधी वाजल्याचं कोणी ऐकलं नव्हतं. नवी काडतुसं मिळवायची कटकट नको म्हणून कोण्या नातेवाइकाने वापरलेलीच घरी पुन्हा भरून दिली होती.

"चालूनच नाई राह्यले, काका," सेठ म्हणाले. "पाहा बरं, काय खोट आहे."

काकांनी आधी रिव्हॉल्वर रिकामं केलं, मग तोंड सोडलं. "गुन्हा आहे हा, सेठ! घरी काय पापड लाटून राह्यले का तुम्ही?" मग चष्मा पुसून एकेक काडतूस उजेडात धरत डॉक्टरच्या थाटात सुरू झाले.

"कुठं ठेवले होते?"

"देवघराच्या फडताळात."

"ओल धरली असन. कधी चालवून पाह्यलं?"

"परवा."

"डुकरावर?"

"नाई. घरातच."

"तोंड कोणीकडं होतं?"

मला हसू फुटणार होतं. पण सेठनी मान खाली घातली. पायातली चप्पल काढली, पुन्हा घातली. काकांच्या हातातल्या काडतुसाच्या बुडावर एकाला लागून एक असे दोन खळगे होते. घोडा सगळ्या काडतुसांवर एकेकदा पडून काम झालं नव्हतं, म्हणून तो पुन्हा ओढला होता. सेठची बायको त्याआधीच्याच हिवाळ्यात वारली होती. माझ्या डोक्यात तेव्हा कुठे प्रकाश पडला आणि मी पेपर खाली ठेवला.

काका ओरडले नाहीत. "सर, चहा ठेवा," एवढंच म्हणाले. त्यांनी ते सगळं फडक्यात घट्ट बांधलं आणि चहा झाल्यावर सेठना मधे बसवून माझ्याच स्कूटरवरून आम्ही तिघं पोलीस ठाण्यात गेलो. तीन सीट आणि हत्यार! काकांनी ठाणेदारांना आत नेऊन काय सांगितलं देव जाणे, रिव्हॉल्वर आणि काडतुसं तिथेच राहिली. तिथूनच त्यांनी सेठच्या मुलीला फोन केला. ती यवतमाळहून मिळेल त्या बसने आली आणि वडिलांना वर्ध्याला डॉक्टरकडे घेऊन गेली.

तेव्हापासून काका रोज दुपारी सेठच्या दुकानात बसतात. गिऱ्हाइकाने कडी मागितली तर बिजागरी काढून देतात. परवा मी खिळे घ्यायला गेलो, तेव्हा सेठ खरोखरच भडकले होते.

"आता बरा आहो ना मी! गोळ्या घेऊन राह्यलो, पोरगी दोन टाइम फोन करते. तुम्ही कायले रोज येता, काका? आन् त्या काडतुसात काय खोट होती, ते तं तुम्ही अजून सांगतलंच नाई."

काकांनी हातातला खिळ्यांचा डबा खाली ठेवला.

"मले नाई पाहाची ती खोट," ते म्हणाले. "माह्या पोरानं ड्युटीवरच्या बंदुकीनं जीव देला, सेठ. ते काडतूस म्या सोता तपासून पास केलं होतं. त्याच्यात काईच खोट नव्हती."

मी खिळे चाळत राहिलो. सेठनी गल्ल्याला कुलूप घातलं, उघडलं, पुन्हा घातलं.

"उद्या जरा लवकर येजा, काका," ते म्हणाले. "जेवाले."