पहलगामच्या सहलीसाठी आचारी नेमल्याचा अहवाल

कोणतीही सहल नदीमुळे होत नाही, नियोजनामुळे होते. नदी काय, वाहतच असते. तिला कोण विचारतो! श्रीनगरच्या एका कचेरीत अठ्ठावीस वर्षं कारकुनी केलेला मी, मुहम्मद सिद्दीक कावूसा, हे जबाबदारीने सांगतो. आणि आमच्या जुन्या शहरात तर घरं इतकी चिकटून आहेत, की एकाने कांदा चिरला की शेजारी डोळे पुसतो. तिथे नियोजनाशिवाय पान हलत नाही.

प्रस्ताव साधा होता. जूनमधला एक रविवार, स्थळ पहलगाम, माणसं नऊ. तो माझी बायको ताजा हिने मांडला. (आमच्या घरात प्रस्ताव मी मांडतो आणि अंमलबजावणी ती करते. पण असो.)

"मला लिद्दरच्या पाण्यात पाय सोडून तासभर बसायचंय," ती म्हणाली. "त्या दिवशी मी चूल पेटवणार नाही, कांदा कापणार नाही, समोवारला हातसुद्धा लावणार नाही. जमत असेल तर बोला, नाहीतर राहू द्या."

(समोवार म्हणजे पोटात निखारे असलेला आमचा चहाचा बंब.) मी वस्तुस्थिती तपासली. लग्नानंतर ताजा तीनदा पहलगामला जाऊन आली होती आणि तिन्ही वेळा नदीकडे पाठ करून बसली होती. (वारा नदीकडून येतो आणि स्टोव्ह विझतो. आडोशाला कुणीतरी लागतंच ना!) मागणी रास्त आहे असा शेरा मारून मी ती मंजूर केली.

राहिला प्रश्न जेवणाचा. बाहेरचे पर्यटक पाव-आम्लेट खाऊन नदी बघतात, बिचारे. काश्मिरी माणूस उपाशीपोटी निसर्ग बघत नाही. भरल्या पोटी तो झोपतो, ही गोष्ट वेगळी. बायको रांधणार नाही, लेक शाइस्ता परीक्षेचा अभ्यास करतेय, आणि मी रांधावं हे मला सुचलं नाही. (सुचलं नाही एवढंच. मनाई कुणाची नव्हती.) तेव्हा वाजा, म्हणजे लग्नाच्या मेजवानीचा आचारी, बोलवायचं ठरलं.

रमजान वाजाने माझं म्हणणं ऐकलं आणि हुक्का बाजूला ठेवला.

"नऊ माणसं? साहेब, नऊ माणसांसाठी मी मीठसुद्धा चाखत नाही."

"मग कमीत कमी?"

"एक अख्खा मेंढा. आणि गुश्ताब्याचं मटण आदल्या दिवशी तुमच्याच अंगणात कुटणार. पहलगामच्या दगडावर माझा भरवसा नाही."

मी मान डोलावली आणि तिथेच घात झाला.

गुश्ताबा म्हणजे दह्याच्या रश्श्यातले मटणाचे गोळे. त्याचं मटण दगडावर ठेवून लाकडी मोगरीने कुटतात. आमच्या मोहल्ल्यात त्या धपधप आवाजाचा अर्थ एकच: या घरी लग्न आहे. शनिवारी सकाळी नऊला पहिला ठोका पडला. नऊ वाजून दहा मिनिटांनी समोरच्या खिडकीतून बदाम आणि खडीसाखर उधळली गेली. साडेनऊला सात बायका अंगणात बसून लग्नाची गाणी म्हणत होत्या. शाइस्ता वनस्पतीशास्त्राचं पुस्तक घेऊन जिन्यात उभी होती.

"अहो, पण नवरा कोण?" ती ओरडली.

"लाजतेय गं पोर! तुझी इडापिडा मला लागो," शेजारची जाना काकी म्हणाली आणि गाण्याचा आवाज चढला.

साडेदहाला माझी थोरली बहीण हफीजा धापा टाकत आली.

"सिद्दीका! एकुलत्या एक भाचीचं लग्न, आणि मला ते बसमध्ये परक्या बाईकडून कळावं?"

"आपा, लग्न नाही. सहल आहे. तुझंही नाव आहे यादीत."

"सहलीला वाजा? नदी बघायला गुश्ताबा? मला काय दुधखुळी समजलास?"

आमच्या शहरात नकार हा होकाराचा पुरावा मानतात. लेखी नकार तर दुप्पट. मी दारावर खुलासा डकवला आणि गर्दी वाढली. दुपारपर्यंतची आकडेवारी अशी: अभिनंदनाला आलेले एक्केचाळीस, रुसायला आलेले सतरा, दोन्हीसाठी आलेले सहा. (शेवटच्या सहांनी चहा दोनदा घेतला.) समोवार अकरा वेळा भरला. कुणी भरला, हे सांगायला नकोच.

अखेर हफीजानेच तोडगा काढला. "लग्न नसेल तर सगळ्यांना ने सहलीला. नवरा नाही, हे लोकांना आपल्या डोळ्यांनी बघू दे."

हाही प्रस्ताव मी मंजूर केला. नऊची एकशेतीस माणसं झाली, एका मेंढ्याचे सहा झाले, आणि तीन बसगाड्या ठरल्या. रमजानचा चेहरा खुलला. "आता कसं माणसासारखं बोललात!" तो म्हणाला.

रविवारी सकाळी बसमध्ये चढताना शेवटची अडचण निघाली. गावाकडचे नातलग दिवसभर आहेर घेऊन येणार. दाराला कुलूप दिसलं, तर मुलगी गुपचूप उजवली असंच म्हणतील. म्हणजे कुणीतरी घरी थांबून आल्यागेल्याला "लग्न नाही" असं सांगायला हवं. आणि हे वाक्य आमच्यात चहाशिवाय सांगता येत नाही. मी संयोजक. हफीजा साक्षीदार. शाइस्ता म्हणजे खुद्द पुरावा. ताजाचं नाव कुणीच सुचवलं नाही, हे मी ठासून सांगतो. विरोधही कुणी केला नाही.

ती दारात उभी होती. पायात नव्या चपला होत्या, पटकन काढता येतील अशा.

"तासभरच तर बसायचं होतं," ती म्हणाली.

"पुढच्या वर्षी नक्की," मी म्हणालो. मला फार लाज वाटली. (कार्यवृत्तात ही नोंद नाही.)

सहल अत्यंत यशस्वी झाली. चौघांमागे एक याप्रमाणे तेहतीस थाळे मांडले. नवरदेव कुठेही आढळला नाही. हफीजा मात्र संध्याकाळपर्यंत एका ड्रायव्हरवर नजर ठेवून होती. जेवणानंतर एकशे एकोणतीस माणसं चिनारांखाली घोरली आणि उठून परत निघाली.

आम्ही घरी पोचलो तेव्हा ताजा कप विसळत होती. दिवसभरात चौऱ्याहत्तर माणसं येऊन गेली होती.

"पाणी फार गार होतं का हो?" तिने विचारलं.

मी हफीजाकडे पाहिलं, हफीजाने शाइस्ताकडे.

"अम्मी, पाण्यात पाय कुणी घातलाच नाही," शाइस्ता म्हणाली.

"मग गेला होता कशाला?" ताजा म्हणाली. आम्ही दमून आलो होतो, म्हणून तिने पुन्हा समोवारात निखारे टाकले.

तुम्हाला हसू आलं असेल. काश्मिरी माणसं ती, मटणापायी नदी विसरली! हसा, खुशाल हसा. फक्त तुमच्या मागच्या सहलीचे फोटो एकदा काढा. सगळे ओळीने उभे आहेत, मागे धबधबा, पोरांच्या हातात घरचे लाडू. ज्या बाईने पहाटे उठून ते लाडू वळले, ती त्यात कुठे दिसते का बघा. 'फोटो तिनेच काढला असेल' असा शेरा मारलात, तर मी तो लगेच मंजूर करीन. अठ्ठावीस वर्षं दुसरं केलंय काय!