चिमीला खेळवा, एवढंच सांगायचं होतं

तक्रार कशी करावी, हे मला कुणी शिकवू नये! वॉशिंग मशीनच्या कंपनीत तक्रारींच्या खिडकीमागे बसून माझे केस पांढरे झालेत. आरडाओरडा करणाऱ्याचं काम रखडतं आणि गोड बोलणाऱ्याचं चुटकीसरशी होतं, हे मी रोज बघतो.

म्हणून आमची चिमी फुटबॉलच्या सलग तिसऱ्या सामन्यात बाकावर बसून घरी आली आणि जेवताना तिच्या ताटात टपकन एक थेंब पडला, तेव्हा मी तिथल्या तिथे जाहीर केलं, "उद्या सरांशी मी बोलतो!"

"नक्की बोलाल?" बायको म्हणाली. "की नुसतं गोडगोड?"

"अगं, आधी स्तुती, मग मुद्दा! बघच तू!"

"बाबा, 'चिमीला पण खेळवा' एवढंच सांगा ना," चिमी नाक पुसत म्हणाली. पोरीला अजून जग कळायचं होतं!

दुसऱ्या दिवशी मी मैदानावर सरांना गाठलं. गळ्यात शिट्टी, खांद्यावर चेंडूंची जाळी आणि चेहऱ्यावर साऱ्या पालकांचा वैताग.

"सर, काय तुमची मेहनत! एवढ्या पोरींना एकट्याने सांभाळायचं म्हणजे खायचं काम नाही!"

सर चपापले. आजवर एकाही पालकाने त्यांचं कौतुक केलं नसावं. त्यांचे डोळे पाणावलेले पाहून मला चेव आला. मी आणखी चार वाक्यं चढवली. आता मुद्द्यावर येणार, तेवढ्यात जीभ सवयीने खिडकीवरचं शेवटचं वाक्य बोलून गेली, "आमच्याकडून काही मदत लागली तर हक्काने सांगा!"

हे वाक्य मी दिवसातून शंभरदा म्हणतो. आजवर कुणी हक्काने काही सांगितलं नव्हतं. सरांनी सांगितलं!

"देवासारखे भेटलात! रविवारी रेषेवर झेंडा घेऊन उभं राहायला पालकच मिळत नाही!" असं म्हणून त्यांनी माझ्या हातात एक पिवळा झेंडा कोंबला.

घरी दोघी दारातच उभ्या.

"काय म्हणाले? घेतलं?"

"घेतलं," मी म्हणालो. "मला."

त्या रात्री माझं ताट मलाच वाढून घ्यावं लागलं.

काम तसं सोपं होतं. चेंडू रेषेबाहेर गेला किंवा कुणी ऑफसाइड असलं, की झेंडा वर करायचा. झेंडा दिसला की पंच शिट्टी मारणार. एरवी हात खाली! मी गच्चीत फडकं घेऊन सरावसुद्धा केला. खालून शेजारच्या काकूंनी दोनदा विचारलं, "कोणाला बोलावताय?"

रविवारी मी रेषेवरून धावत होतो, म्हणजे पोट पुढे आणि मी मागे. चिमी बाकावर. सामना बरोबरीत. संपता संपता एका पोरीचा पाय मुरगळला. सरांनी इकडे तिकडे पाहिलं आणि ओरडले, "चिमी, जा!"

माझी पोर सुसाट निघाली! एकीला चुकवलं, दुसरीला चुकवलं आणि धाडकन चेंडू जाळ्यात! मी आनंदाने हात उंचावून उडी मारली.

हातात झेंडा होता.

शिट्टी! गोल रद्द! मी पंचांकडे धावलो. "अहो, ती ऑफसाइड नव्हती! मला आनंद झाला होता!"

"आनंद दुसऱ्या हाताने करायचा," पंच म्हणाले. "आता निर्णय झाला!"

सामना बरोबरीत सुटला. वर कळस म्हणजे समोरच्या संघाचे प्रशिक्षक येऊन माझा हात दाबत म्हणाले, "पोटच्या पोरीचा गोल नाकारलात! असा निःपक्षपाती माणूस पाहिला नाही!" सर तर गहिवरलेच. "यापुढे सगळ्या सामन्यांना तुम्हीच!"

मी सवयीने "हक्काने सांगा!" म्हणणार, तेवढ्यात चिमी तरातरा आली. चेहरा लालबुंद. माझ्याकडे तिने पाहिलंसुद्धा नाही.

"सर, दोन गोष्टी सांगायच्यात. मला जास्त वेळ खेळवा. आणि बाबांना कमी!"

सर आश्चर्याने बघत राहिले. "अगं, मग आधी बोलायचंस ना! परवा तुझे बाबा एवढं बोलून गेले, पण तुझं नावसुद्धा काढलं नाही. मला वाटलं, तुला बाकावरच बरं वाटतं!"

बायकोने माझ्याकडे असं पाहिलं, की मी झेंड्याची घडी घालायला घेतली.

सरांनी दोन्ही गोष्टी जागच्या जागी मान्य केल्या. दुसरी जरा जास्तच पटकन केली, असं मला वाटलं. पण आता तक्रार कोण करणार!