तोकुजीचं सुतक

जपानी कार्टूनमधल्या माणसाचं सुतक पाळणारा इसम मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला, आणि तोही माझ्या शेजारच्या दुकानात. बरं, सुतक काही दाखवण्यापुरतं नव्हतं. दाढी बंद, देवपूजा बंद, गोडधोड बंद आणि ऐन लग्नसराईत दुकानही बंद. शटरवर खडूनं लिहून ठेवलं होतं, 'घरात दुःख झाले आहे'. ते वाचून लग्नाचा बस्ता बांधायला आलेली दोन-तीन वऱ्हाडं माझ्या भांड्यांच्या दुकानात शिरली आणि 'कोण गेलं हो?' म्हणून मलाच विचारू लागली. मी काय सांगणार, कपाळ?

हे आमचे मल्हारअण्णा. हुबळीच्या बाजारात इरकल साड्या आणि खण विकतात. त्यांचे आजोबा मिरजेकडून इकडे आले. मी कलघटगीहून आलो, तोही पुष्कळ उशिरा. आमच्या दोन दुकानांमध्ये एकच भिंत, त्यामुळे त्यांची शिंकसुद्धा मला ऐकू येते.

अण्णांचा स्वभाव मोठा निवांत. उंदरांनी साड्यांचा गठ्ठा कुरतडला तरी 'होगली बिडो', गिऱ्हाईक तासभर सगळं दुकान उलथंपालथं करून तसंच निघून गेलं तरी 'होगली बिडो'. म्हणजे आपलं 'जाऊ दे रे, सोड'. साडी दाखवायची तर स्वतःच्याच खांद्यावर पदर टाकून, मिशा सावरत, आरशासमोर मुरकून दाखवायची. बायका तोंडाला पदर लावून हसायच्या आणि साडी घेऊन जायच्या.

एकाच बाबतीत हा माणूस कडक. त्यांच्या दुकानात दोन गाद्या होत्या. एकीवर अण्णा बसत. शेजारची रिकामी. रोज सकाळी दोन्ही गाद्या झटकायच्या, दोन्हींचे अभ्रे बदलायचे, पण दुसरीवर कुणी टेकायचं नाही. मी नवा होतो तेव्हा एकदा सहज बसायला गेलो, तर हा देवमाणूस खेकसला, "ऊठ तिथनं! स्टूल दिसंना काय तुला?" तेव्हापासून माझ्या नशिबी स्टूल. कितीही गर्दी झाली, गिऱ्हाईक उभं राहिलं, तरी गादी रिकामी ती रिकामीच. शिष्टपणा, दुसरं काय, असं म्हणून मीही विषय सोडून दिला होता.

आता तोकुजीकडे येतो.

व्हीसीडीचे दिवस होते. अण्णांना पौराणिक सिनेमांचं भारी वेड. एका श्रावणी सोमवारी ते सीडीवाल्याकडे गेले आणि म्हणाले, "राक्षसांचं काय असलं तर दे." सीडीवाल्यानं राक्षसांचं काय होतं ते दिलं. कव्हरवर दहा शिंगांचा, लाल डोळ्यांचा एक महाकाय प्राणी होता. अण्णांना वाटलं, रावणच. तिकडच्या चित्रकारानं डोक्यांच्या जागी शिंगं काढली असतील. घरी येऊन टीव्हीला हळदकुंकू वाहिलं, उदबत्ती लावली, शांतावैनींनी साखरेचा नैवेद्य ठेवला आणि शेजार म्हणून मलाही बोलावणं आलं. सिनेमा सुरू झाला आणि पहिल्या पाच मिनिटांत त्या रावणानं तीन माणसं सावलीसकट खाल्ली.

वैनी नैवेद्याची वाटी उचलून आत गेल्या. अण्णा मात्र जागचे हलले नाहीत. भाषा जपानी, खाली अक्षरं इंग्रजी. माझं इंग्रजी मॅट्रिकचं, तेही प्रेशर कुकरच्या माहितीपत्रकांवर जिवंत राहिलेलं. तरी अण्णांनी मला दुभाष्या नेमून टाकलं. "सांग की रे, काय म्हणालाय त्यो?"

गोष्ट अशी होती. एका डोंगरात हा राक्षस राहतो आणि माणसांच्या सावल्या खातो. तोकुजी नावाचा पोरगा त्याला मारायला एक कंदील घेऊन निघतो. ('नावातच जी हाय, म्हणजे चांगल्या घरातला,' हे अण्णांचं मत.) घरी त्याची थोरली बहीण. ती रोज संध्याकाळी त्याचं अंथरूण घालून ठेवते, आज येईल म्हणून. सिनेमाच्या शेवटी तोकुजी डोंगराच्या पोटात शिरतो, मागून दगड सरकून वाट बंद होते, इकडे बहीण चादरीची सुरकुती हातानं सारखी करते आणि पडद्यावर पाटी येते, पुढचं पुढच्या भागात.

"म्हंजे?" अण्णा म्हणाले. "परत येतोय का न्हाई?"

"पुढच्या भागात कळेल."

"कधी हाय पुढचा भाग?"

त्या दिवसापासून अण्णांना आयुष्यात तेवढंच एक जाणून घ्यायचं राहिलं. तोकुजी परत येतो का नाही? हुबळीतला एकही सीडीवाला त्यांनी सोडला नाही. धारवाडला सप्तापुरात विद्यापीठाची पोरं भाड्यानं राहतात, त्यांना असलं सगळं ठाऊक असतं, असं कुणी सांगितलं तर हा पन्नाशीचा माणूस धोतर सावरत बसनं तिकडे जाऊन आला. पोरांनी चहा पाजून परत पाठवलं. दुकानातही तेच. हिरवी साडी दाखवताना "तोकुजीच्या अक्काच्या अंगावर हाच रंग हाय बघा," म्हणत. गिऱ्हाइकाला वाटे, कुणी मोठ्या घरची बाई असेल. रंग पटकन खपायचा.

बरीच वर्षं गेली. व्हीसीडी जाऊन डीव्हीडी आली. आणि एका रविवारी दुपारी अण्णा छातीशी डबी धरून माझ्या दारात. "आला रे! पुढचा भाग आला! चल, इंग्रजी घेऊन चल."

या वेळी उदबत्ती नव्हती. अण्णा मांडी घालून अगदी टीव्हीच्या पुढ्यात बसले. तोकुजीनं आत काय काय सोसलं ते सांगत बसत नाही, मलाही निम्मं समजलं नाही. शेवटी राक्षस मेला. अण्णांनी मांडीवर थाप मारली. पण तोपर्यंत राक्षसानं तोकुजीची सावली गिळली होती, आणि ज्याला सावली नाही त्याला डोंगराबाहेर पडता येत नाही, असा तिथला कायदा. कंदील विझत चालला. एक पक्षी बहिणीकडे निरोप घेऊन आला. खाली अक्षरं उमटली. तो येणार नाही.

मी अण्णांच्या तोंडाकडे पाहिलं आणि माझी जीभ वळेना. म्हटलं, "येतो म्हणालाय. जरा उशीर होईल."

"खोटं सांगालास तू," अण्णा पडद्यावरची नजर न काढता म्हणाले. "तिच्या तोंडाकडं बघ की."

बहीण रडली नाही. तिनं ते अंथरूण उचललं, नीट घडी घातली, कपाटात ठेवलं. मग चुलीपाशी बसून एकटीच भात जेवली. संपला सिनेमा.

अण्णा उठले, सरळ न्हाणीघरात गेले आणि अंगातल्या कपड्यांनिशी डोक्यावरून गार पाणी ओतून घेऊ लागले. गावाकडून कुणाचा वाईट निरोप आला की घेतात तसं. वैनी स्वयंपाकघरातून घाबऱ्याघुबऱ्या बाहेर आल्या. "कोण गेलं हो?"

"तोकुजी," मी म्हणालो.

"कुठला? निप्पाणीचा?"

दुसऱ्या दिवसापासून बाजारातली माणसं समाचाराला यायला लागली. अण्णा भिंतीला टेकून, दाढी वाढवून बसलेले. आमचे सुपारीवाले शेट्टर हळहळून म्हणाले, "वय फार नव्हतं म्हणे. काय झालं होतं?"

"सावली खाल्ली राक्षसानं," अण्णा म्हणाले.

"अरेरे," शेट्टर म्हणाले. "शुगर होती काय?"

मला हसू आवरेना आणि रागही आवरेना. वैनींचा जीव मात्र खरोखर टांगणीला लागला होता. त्या मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "भावजी, ह्यांना काय झालंय बघा की. धड जेवत न्हाईत. सारखं म्हणतात, घडी घालता येते, घडी घालता येते. कसली घडी?" मला तरी कुठे माहीत होतं? साडीवाल्याच्या तोंडी घडी, यात मला काही वेगळं वाटलं नाही.

दहाव्याला अण्णांनी उणकलच्या तळ्यावर पिंड घालायचा ठरवला. त्यांच्या घरचे म्हातारे भटजी, राघवाचार्य, यांना बोलावलं. मला वाटलं, आता हे तरी दोन शब्द सुनावतील. पण आचार्य तयार झाले. दर्भ ठेवला आणि विचारलं, "गोत्र?"

"जपान," अण्णा म्हणाले.

"माहीत नसलं की काश्यप," आचार्य शांतपणे म्हणाले, आणि त्या जपानी पोराला काश्यप गोत्रात घेऊन मंत्र सुरू केले. मी तोंड फिरवून तळ्याकडे बघत राहिलो.

पिंड ठेवला. झाडावर कावळे होते, पण एकही खाली उतरेना. कावळा शिवेना म्हणजे गेलेल्याची काही इच्छा मागे राहिली. अण्णा हात जोडून म्हणाले, "राक्षस मेलाय रे. काळजी करू नकोस." कावळे ढिम्म. "अक्का जेवली. मी बघितलंय." ढिम्म. ऊन चढलं. मलाही पित्त चढलं. मी म्हणालो, "अहो, त्याला मराठी कळत नसेल. चला आता."

अण्णा माझ्यावर चिडले नाहीत. पिंडाजवळ उकिडवे बसले, आणि कधी ऐकला नव्हता अशा बारीक आवाजात म्हणाले, "अंतू, आई रागावली नव्हती रे. शेवटपर्यंत तुझ्या वाटेकडं बघालती. मीबी लई बघितली. आता न्हाई बघत. होगली बिडो, अंतू. होगली बिडो."

आचार्यांचा मंत्र मध्येच थांबला. एक कावळा खाली आला आणि पिंडाला चोच मारून गेला. त्याला भूक लागली असेल, मी वाद घालत नाही. पण अण्णा तिथं मातीत बसून लहान पोरासारखे रडले, आणि रडारडीचा मला मनापासून तिटकारा असूनही माझा हात त्यांच्या पाठीवर गेला तो मला काढता येईना.

परतताना आचार्यांनी मला सांगितलं. अंतू म्हणजे अण्णांचा धाकटा भाऊ, अनंत. मिसरूड फुटलेला पोरगा. बापानं गिऱ्हाइकांसमोर थोबाडीत मारली, तसा गादीवरून उठला आणि स्टेशनकडे चालायला लागला. पुन्हा चिठ्ठी नाही, चपाटी नाही. आई जिवंत होती तोवर घरात कुणी 'गेला' असं म्हणायचं नव्हतं. ती गेल्यावर म्हणायचं कुणी, म्हणून राहून गेलं. "बारा वर्षांनी क्रिया करता येते, असं मीच सांगितलं होतं त्याला," आचार्य म्हणाले. "मला दारातनं घालवलं होतं तेव्हा."

दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं. गुळगुळीत दाढी करून अण्णा गादीवर. मी नेहमीप्रमाणे चहा घेऊन गेलो आणि स्टुलाकडे वळलो.

"तिकडं कुठं निघालास?" अण्णा म्हणाले. "वर बस की."

मी दुसऱ्या गादीकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. ते पेल्यात बघत होते. मी चप्पल काढली आणि अंग चोरून बसलो. जुन्या कापसाच्या दगडासारख्या गाठी झालेल्या. इतकी वर्षं कुणाचं वजनच पडलं नव्हतं.

"टोचतंय हो."

"बसून बसून मऊ होईल," अण्णा म्हणाले.

तेवढ्यात अळणावरच्या बाजूच्या दोन बायका साडी बघायला आल्या. त्यातली थोरली माझ्याकडे बघून अण्णांना म्हणाली, "इतकी वर्सं येतोय, ह्यास्नी कधी बघितलं न्हाई. भाऊ काय तुमचे?"

अण्णांचा पेला ओठापाशी थांबला. मला वाटलं, आता मला उठवतात.

"हौदु," ते म्हणाले. "होय, भाऊच." आणि हिरव्या इरकलीची घडी मोडून एक टोक माझ्या अंगावर टाकलं. "असा बघत काय बसलास? धर की पदर."

मला इरकल आणि पलंगपोस यांतला फरक कळत नाही. पण मी पदर धरला.