अनामिकेचं नख

संगीतसभेच्या चिटणीसांचं पत्र गिटारच्या पेटीत, जादा तारांच्या खाली दडवलेलं होतं. ‘तुमची ती रचना पुन्हा एकदा, या वेळी पूर्ण, ऐकायची इच्छा आहे. कळवावे.’

गिटारवादकाने कळवलं नव्हतं. ‘हो’ लिहायला हात धजत नव्हता आणि ‘नाही’ लिहायला तर त्याहून नाही. ‘या वेळी पूर्ण’ हे शब्द छातीत रुतले होते. मागच्या खेपेला स्वतःचीच रचना तो भर कार्यक्रमात मधेच विसरला होता. शेवटी मागून कुणीतरी खोकलं आणि पडदा पाडावा लागला. तेव्हापासून तो घरी शिकवण्या घेई, दुसऱ्यांना वाजवायला रचना करून देई आणि सभागृह दिसलं की रस्ता बदली.

बायको बाजारातून आली ती पिशवी खाली न ठेवताच म्हणाली, “अहो, कोपऱ्यावरच्या भिंतीवर तुम्ही लागलाय! शनिवारी वाजवताय म्हणे.”

त्याने चिटणीसांना फोन लावला. “पण मी उत्तरच दिलं नव्हतं!”

“तेच तर!” चिटणीस प्रसन्नपणे म्हणाले. “नकार असता तर कळवलं असतंत की. तिकिटं संपली, बरं का.”

आता एकच गोष्ट त्याला वाचवू शकत होती. त्याच्या प्रकारची गिटार उजव्या हाताच्या वाढवलेल्या नखांनी छेडायची असते. नख तुटलं की वादकाला सुट्टी, आणि त्यात अब्रूही जात नाही. नखं जपायची म्हणून तर लग्न झाल्यापासून त्याने घरात एकही झाकण उघडलं नव्हतं. त्या दिवशी मात्र तो स्वयंपाकघरात शिरला आणि घट्ट बसलेले डबे उघडू लागला. करपलेलं पातेलं खरवडलं. खिडकीचे गंजके खिळे उपटले.

“बरं आहे ना तुम्हाला?” बायकोने कपाळाला हात लावून पाहिला. “एवढी वर्षं ‘नखं, नखं’ करत साधी कपबशी विसळली नाहीत!”

नखं काही तुटेनात. इतक्या वर्षांचं तेल आणि कानशीचे लाड नेमके आत्ता फळाला आले होते.

शनिवारी निघताना त्याने पेटीची कडी लावली आणि कट्कन आवाज झाला. अनामिकेचं नख! त्याला आनंद लपवता येईना. “तुटलं गं,” तो ओढूनताणून हुंदका आणत म्हणाला. “कळवून टाकतो, जमणार नाही.”

“थांबा जरा.” बायकोने शेजाऱ्यांकडून टेबल टेनिसचा चेंडू आणला, कात्रीने नखाएवढी चकती कापली आणि झटपट चिकटणाऱ्या गोंदाने बोटावर बसवली. “विसरलात? लग्नानंतर तुम्हीच शिकवलंत की हे.”

दिव्यांखाली बसल्यावर त्याला घाम फुटला. चकती हलतेय का? सुटली तर? उडून कुणाच्या डोळ्यात गेली तर? सगळा जीव त्या एका बोटात गोळा झाला. भीतीला दुसरीकडे कुठे जायला जागाच उरली नाही. विसरण्याची ती जागा कधी येऊन गेली, त्याला पत्ताही लागला नाही. शेवटच्या झंकारासरशी चकती उडालीच, आणि थेट चिटणीसांच्या मांडीवर पडली. टाळ्या थांबेनात.

“तुमचं काहीतरी पडलं,” चिटणीस नंतर ती चकती दोन्ही हातांनी परत देत म्हणाले. “पुढच्या वर्षी यायचं हं. रीतसर पत्र पाठवतो.”

पत्र आलं. ते तारांखाली जाण्याआधीच बायकोने कागद-पेन पुढ्यात आणून ठेवलं. त्याने उत्तर लिहिलं, पुन्हा उघडून शब्द बदलता येऊ नयेत म्हणून पाकीट त्याच गोंदाने बंद केलं, आणि दोघं टपालपेटीपाशी गेली. पाकीट अर्धं आत सरकवून तो तसाच उभा राहिला.

“काय लिहिलंत?”

“येतो म्हणून.”

“मग सोडा की! बोट चिकटलंय का?”

त्याने नीट निरखून पाहिलं. “नाही,” तो हळूच म्हणाला. “चिकटलं असतं तर बरं झालं असतं.”

आणि डोळे मिटून त्याने पाकीट सोडलं.